फळ्यावर दिलेलं उत्तर

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी मला गाठतात. "बाई, यंदा काय लिहिताय फळ्यावर?" यंदाही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुसरं कुणीतरी बघा. ते हसले. त्यांना वाटलं, मी भाव खातेय. खरं कारण त्यांना सांगितलं नाही, ते इथे लिहिते.

भाव मी खाल्लेला आहे, नाही असं नाही. नाशिकच्या एका शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवतेय आणि रोज सकाळी प्रार्थनेआधी फळ्यावर सुविचार लिहितेय. अक्षर चांगलं, म्हणून कॉलनीच्या गेटजवळचा फळाही माझ्याकडेच आला. एरवी त्यावर खाली पाणी न येण्याची सूचना आणि वर माझं वाक्य. एकतीस डिसेंबरला मात्र अख्खा फळा माझा. रंगीत खडू, कडेने वेलबुट्टी आणि मधोमध नव्या वर्षात सोबत न्यायचे चार शहाणे शब्द. लोक थांबून वाचायचे, फोटो काढायचे. मला ते फार आवडायचं. इतकं, की घरातसुद्धा मी तशीच बोलायला लागले आणि हे मला कुणी सांगितलं नाही. यांनी एकदा सांगितलं होतं म्हणा. विंचूरच्या कारखान्यातून पाठ धरून आले होते आणि मी त्यांना कष्टाचं महत्त्व ऐकवत होते. "तुझी शाळा सुटली नाही का अजून?" म्हणाले. मी दोन दिवस अबोला धरला.

आमची एकुलती एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. पाच वर्षं. सकाळी सातला डबा घेऊन अभ्यासिकेत जायची, दिवेलागणीला परत यायची. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर दर एक जानेवारीला मी नवं वाक्य लिहून चिकटवायचे. जुनी काढायची नाहीत, हा माझाच नियम. पुस्तकातून मान वर केली की तिला आधी ते कागद दिसत असणार, हे आता मनात येतं.

गेल्या एकतीस डिसेंबरला दुपारी मी मेथी निवडत बसले होते. ती अवेळी घरी आली, दोन्ही हातांत पुस्तकांनी भरलेल्या पिशव्या. अभ्यासिकेतली जागा सोडून आली होती. माझ्यासमोर खाली बसली, मेथीच्या दोन काड्या उचलल्या आणि म्हणाली, "आई, मी यंदा फॉर्म नाही भरणार."

मला राग आला. आधी राग आला आणि काळजी नंतर, हे लिहायला लाज वाटते. पाच वर्षं सगळ्या नातेवाइकांना 'पुढच्या वर्षी नक्की' असं सांगत आले होते ती मी. "बरं, बघू," एवढंच म्हटलं.

"आई, ऐक ना."

"मला फळा लिहायचाय. उजेड जाईल," म्हटलं आणि खडूची पेटी घेऊन उठले.

त्या वर्षीसाठी ठरवलेलं वाक्य वेगळंच होतं, झाडांबद्दल काहीतरी. ते मी लिहिलं नाही. 'अर्ध्यावर वाट सोडणाऱ्याला नवं वर्ष तरी काय देणार?' असं लिहिलं. खाली उगवता सूर्य काढला. जे तिच्या तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती, ते मी येणाऱ्या-जाणाऱ्या साठ घरांसमोर सुबक अक्षरात मांडलं आणि वर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

देवळा गावात राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीचं उत्तर लगेच आलं. "लय भारी लिहिलं गं. पोरीला दाखव, तिच्याच कामाचं हाय." मुलगी त्या ग्रुपवर आहेच. संध्याकाळी ती खोलीतून बाहेर आली नाही.

एक जानेवारीला सकाळी मी दूध आणायला गेले तर गेटवर दोघी-तिघींनी मला थांबवलं. काय लिहिलंय बाई, एकदम मनाला भिडलं. मी हसून पुढे झाले. घरी आले तेव्हा मुलगी भिंतीवरचे कागद काढत होती. नखाने चिकटपट्टी खरवडून, एकही फाटू न देता.

"घरात बोलली असतीस तर चाललं असतं," ती म्हणाली. "कॉलनीला कशाला सांगितलंस?"

"ते सगळ्यांसाठी होतं." मी सरळ खोटं बोलले.

"मावशीला देवळ्यात बसून कळलं." तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "काल मी पुढचं सांगणार होते. तू उठून गेलीस."

"मग आता सांग."

ती भिंतीकडे बघूनच बोलली. "मागच्या पूर्वपरीक्षेला मी आत गेलेच नाही. केंद्राच्या गेटपर्यंत गेले. हॉल तिकीट हातात होतं आणि पाय उचलेना. छाती इतकी धडधडायला लागली की वाटलं, इथेच पडणार. मग रिक्षा केली, गंगेवर गेले आणि दुसरा पेपर सुटेपर्यंत घाटावर बसून राहिले."

नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. त्या संध्याकाळी मी तिला विचारलं होतं, कसा गेला? ती म्हणाली होती, बरा. पुढे निकाल लागला तेव्हा 'थोडक्यात गेलं' म्हणाली आणि मी तिला चिकाटीवर अर्धा तास ऐकवलं.

आणि आतासुद्धा माझ्या तोंडात वाक्य तयार झालं होतं. भीतीवर, धैर्यावर, चांगलं तोलूनमापून. समोर पोटची पोर ही अशी उभी, आणि माझी सवय काही थांबायला तयार नाही. मी ओठ घट्ट मिटले. ती वाक्यं बाजूला ठेवली तर तिला द्यायला माझ्याकडे दुसरे शब्दच सापडेनात. मला माझीच भीती वाटली. शेवटी कसंबसं विचारलं, "दिवसभर तिथे... खाल्लंस काय गं?"

ती वळली. कागद हातात तसेच होते.

"तू दिलेला डबा," ती म्हणाली. "घास उतरत नव्हता. पण सगळा संपवला. भरलेला परत आणला असता तर तुला कळलं असतं."

तो डबा त्या संध्याकाळी मीच घासला होता. घासता घासता यांना म्हणाले होते, पोरीने सगळं खाल्लंय, म्हणजे पेपर नक्की चांगला गेला.