चोवीस जोड हातमोजे

मस्कतहून पहिल्या रजेवर येताना माणसं काय आणतात? अत्तर, साबण, ब्लँकेट, फार तर एखादा टेपरेकॉर्डर. मी हातमोजे आणले. चोवीस जोड. पांढरे, रबरी, कोपरापर्यंत येणारे. विमानतळावर बॅग उघडायला लावणाऱ्या साहेबाने त्यातला एक जोड उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टर आहात?"

मी "नाही" म्हणालो. पण मालवणपर्यंतच्या सगळ्या प्रवासात तो प्रश्न मला गुदगुल्या करत होता, हे कबूल करायला हवं.

हे मोजे आमच्या रापणीसाठी होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी अर्धगोल फिरून ते पाण्यात सोडते, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात आणि प्रत्येक दोराला वीस-पंचवीस माणसं लागून जाळं कमरेच्या जोराने काठावर आणतात. जो दोराला लागतो त्याला मासळीत वाटा. आमच्या वाडीत माणसाची ओळख दोरावरच्या जागेवरून होते. माझे बाबा दक्षिणेच्या दोरावर चौथे. त्यांच्या मागे पाचवा मी, सोळाव्या वर्षापासून. मला तेव्हा कोणी विचारलं असतं, पुढे काय करणार, तर मी म्हणालो असतो, पाचव्याचा चौथा होणार. आणि जमलं तर एक फायबरची होडी. एवढंच. एवढ्याशा इच्छेला ध्येय म्हणतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली मामाने मस्कतचा व्हिसा काढला. निघण्याआधी बाबा मला तांडेलाकडे घेऊन गेले. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. तो बाबांचा चुलतभाऊ, म्हणून माझा काका. आमच्या रापणीत एक नियम होता, कुठे लिहिलेला नाही पण मोडलेलाही नाही. बाहेरगावी गेलेल्या माणसाची जागा दोन वर्षं राखायची. त्याच्या घरच्याने फक्त म्हणायचं, "येतलो तो", म्हणजे येईल तो. तिसऱ्या मोसमात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर जी पहिली रापण लागते, तिला तो माणूस स्वतः दोराला हवा. लागला, तर आणखी दोन वर्षं जागा त्याची. नाही लागला, तर दुसऱ्याची.

"येतलस मा रे झिला?" काकाने विचारलं.

"येतलंय म्हणजे? धावत येतलंय," मी म्हणालो. विसाव्या वर्षी माणूस असंच बोलतो.

मस्कतमध्ये मी एका मोठ्या दुकानात कामाला लागलो. वातानुकूलित दुकान, त्यात मासळीचा विभाग, बर्फाच्या उतारावर एका दिशेला तोंड करून झोपवलेली मासळी. समुद्र तोच, आपलाच, फक्त पलीकडच्या काठाचा. माझं काम मासे कापायचं. खवले काढायचे, पोट साफ करायचं, कणा काढून बिनकाट्याचे तुकडे करायचे, पिशवीत घालून हसत द्यायचे. आता आमच्यात मासे पुरुष पकडतात, कापतात आणि विकतात त्या बायका. मासेमार गाबिताच्या घरातला बाप्या विमानात बसून समुद्र ओलांडून गेला आणि तिकडे कापायला बसला, हे घरी कसं सांगणार? मी पत्रात लिहिलं, "मासळी विभागात सुपरवायझर आहे." आईने ते पत्र कट्टा गावच्या बाजारात मासे विकायला जाताना सोबत नेलं आणि चार जणींना वाचायला लावलं.

आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी दुपारी जेवण झालं की खोलीत प्रत्येक जण आपला प्लॅन सांगायचा. घरी परत गेल्यावर काय करायचं, तो प्लॅन. माझ्या वरच्या खाटेवर केरळचा एक सुतार होता, एकोणीस वर्षं तिथे काढलेला. त्याची कोंबड्यांची वाडी होती, म्हणजे मनात. आधी दोनशे कोंबड्यांची, मी गेलो तेव्हा पाच हजारांवर पोचली होती. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, एक होडी आणि रापणीतली जागा. मग तो सुतार खालच्या खाटेकडे वाकून अगदी प्रेमाने म्हणाला, "प्लान इतना छोटा रखेगा तो घर जाना पड़ेगा, भाई."

मला तो विनोद वाटला. पण पुढच्या शुक्रवारी मी माशांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर बर्फाच्या कारखान्याचा नकाशा काढला. दारात ट्रक उभा केला. ट्रकला ड्रायव्हरसुद्धा काढला.

तर पुन्हा हातमोज्यांकडे. दोन हजार सालच्या पौर्णिमेला मी रजेवर आलो, तो जागा राखायला. सगळा नियम तंतोतंत पाळायचं ठरवून आलो होतो. पण दोन वर्षं थंड पाण्यात, मोज्यांच्या आत राहून माझे हात सोललेल्या बटाट्यासारखे झाले होते. दोर धरला की फोड येणार हे मला माहीत होतं. मग मी विचार केला, एकट्याने घातले तर हसतील, आमच्या दोरावरच्या सगळ्यांनाच दिले तर? सुधारणा झाली. परदेशातून आलेला माणूस गावाला काहीतरी शिकवून जातो, ते मी हातांपासून सुरू करणार होतो.

वाळूवर मी मोजे वाटले. लोकांनी घेतले. बाबांनी आपला जोड कनवटीला खोचला, घातला नाही. खरं तर कोणीच घातला नाही. मी एकट्याने घातला, कोपरापर्यंत, आणि पाचव्या जागी उभा राहिलो.

होडीतून हाक आली. पाण्यावर तांबूस झाक होती, म्हणजे बांगड्यांचा मोठा थवा आत आला होता. दोर ताणला. पहिली लाट गुडघ्यावर फुटली आणि माझ्या मोज्यांत पाणी भरलं. मी जोर लावला. हात मोज्यातून सुळकन बाहेर आला, मोजा बाबांच्या मागे दोरावर तसाच चिकटून राहिला आणि मी पाठीवर. माझ्या मागचा माझ्यावर, त्याच्या मागचा त्याच्यावर. आमच्या बाजूचा दोर सैल पडला, जाळ्याची खालची कड वर आली. समोर पाणी एकदा चमकलं. ते बांगडे परत चालले होते.

मग उत्तरेच्या दोरावरून आवाज आला, "ऑपरेशन करूक इलस काय रे?"

"पेशंट गेलो मरे!" दुसरा म्हणाला, आणि सगळा किनारा फुटला.

काका मात्र हसला नाही. त्याने मला हात देऊन उठवलं, वाळू झाडली. "जावंदे. हात विसारलो आसा तुजो. सकाळी परत लाग, हात आठवतलो."

लक्षात घ्या, माझ्यामुळे मोसमातली पहिली मासळी गेली होती आणि तो माझी जागा मला परत देत होता. मी फक्त "होय काका" म्हणायचं होतं. दोन शब्द. त्याऐवजी माझ्या डोक्यात खोक्याचा तो पुठ्ठा उभा राहिला, ट्रकसकट.

"माका नको तुमचो दोर," मी म्हणालो. "दोन वर्षांनी हय बर्फाचो कारखानो घालतलंय. मगे तुमी बर्फाक माझ्या दारात येतल्यात."

काकाने बाबांकडे पाहिलं. बाबा दोर गोळा करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "तेना सांगल्यान मा? तेची जागा दुसऱ्याक दी."

दुसऱ्या दिवशी पाचव्या जागी माझा आतेभाऊ उभा राहिला. मोजे वाया गेले नाहीत. बायकांनी ते काठ्यांवर अडकवले आणि सुकत घातलेल्या मासळीवर बसणारे कावळे हाकलायला उभे केले. माझी उरलेली रजा मी त्या हात हलवणाऱ्या काठ्यांच्या समोरून ये-जा करत काढली. गावात माझं एक नाव पडलं, ते इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे तेवढे पुरे.

मग मी मस्कतला परत गेलो. प्लॅन वाढवायला. हे बोलायला सोपं जातं म्हणून विनोदात सांगतो, पण त्या खोलीत काय होतं हे मला फार उशिरा कळलं. रोजच्या कामात लाज होती, म्हणून प्लॅन उंच करावा लागे. प्लॅन उंच झाला की परत जायला आणखी थांबावं लागे. थांबलं की लाज वाढे. बर्फाच्या कारखान्याचं शीतगृह झालं. मग तारकर्लीला पर्यटक यायला लागल्याचं कळलं, तेव्हा शीतगृहावर हॉटेलचा मजला चढला. सगळ्यात शेवटच्या पुठ्ठ्यावर मी कुडाळला एक फ्लॅट काढला, चौथ्या मजल्यावर. त्या नकाशात समुद्र कुठेच नव्हता, आणि मला ते काढून झाल्यावरही जाणवलं नाही. होडीचं म्हणाल तर तिचं मी कधी चित्रच काढलं नव्हतं. ती पाठ होती.

मधल्या वर्षांत एक-दोनदा घरी गेलो, पण पौर्णिमेच्या सुमाराची रजा कधी घेतली नाही. वरच्या खाटेवरचा सुतार सत्तावीस वर्षांनी केरळला परतला. मी फोन करून विचारलं, "कोंबड्या कशा आहेत?" तो "कौनसा मुर्गी?" म्हणाला.

दोन हजार नऊ साली दुकानाने मासळी विभाग कंत्राटदाराला दिला. त्याने आपली माणसं आणली. मी एकतिसाव्या वर्षी एका बॅगेनिशी घरी आलो. बर्फाचे कारखाने तोपर्यंत मालवणात दुसऱ्यांनी घातले होते. शीतगृहाबद्दल मला कोणी विचारलंच नाही, त्यामुळे खोटं बोलायचे कष्ट वाचले. बाबांची कंबर गेली होती. ते खळ्यात, घरापुढच्या अंगणात बसून किनाऱ्याचा आवाज ऐकत. रापणीची हाक आली की त्यांचे हात मांडीवर आपोआप मुठी करत.

काही महिने मी वाडीतून नुसता फिरलो. एके सकाळी हाक आली आणि बाबा म्हणाले, "जा. लाग तरी."

गेलो. दोर ताणलेला होता. पाचव्या जागी आतेभाऊ, त्याच्या मानेवर दोराचा काळा वण. मला पाहून तो बाजूला सरकला. "दादा, लागतस?" अगदी मनापासून. पण त्याच्या मागे सगळ्यांनी आपापली पावलं वाळूत रोवलेली होती. एक सरकला की सगळा दोर बिघडतो. दोर बिघडवण्यात माझं नाव आधीच होतं. मी काकाकडे पाहिलं. काका आता म्हातारा झाला होता, ओरडायचा कमी. त्याने हाताने दोराचं शेपूट दाखवलं. "थंय लाग रे झिला. पाव्हण्यांत."

शेपटाला पर्यटक होते. त्या वर्षांत ही नवीनच रीत पडली होती. मुंबई-पुण्याची माणसं हौसेने दोर ओढायला येत, आणि काका त्यांना कोरड्या वाळूत अगदी शेवटी उभं करी, जिथे ओढलं काय नि सोडलं काय, जाळ्याला कळत नाही. मी एका चष्मेवाल्या गृहस्थांच्या मागे दोराला लागलो. ते धापा टाकत म्हणाले, "हाताला फार लागतं हो हे. हातमोजे द्यायला हवेत यांनी." मी "हो" म्हणालो. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

मी म्हणालो, "मस्कतहून."

"अरे वा! मग पहिल्यांदाच पाहताय?"

जाळं आलं. मासळी वाळूवर पसरली, वाटे पडायला लागले. ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या पाटीत. मग काका एक ढीग घेऊन पर्यटकांकडे आला. पर्यटकांना आठवण म्हणून थोडी मासळी द्यायची रीत होती, पिशवीतून. प्रत्येकाला एक पिशवी. माझ्यापाशी येऊन तो थांबला. मग माझ्याही हातात पिशवी दिली. त्यात चार बांगडे जास्त होते.

घरी आलो. बाबा खळ्यात वाट पाहत होते.

"गावलो वाटो?"

"गावलो."

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. साड्यांच्या दुकानाची पिशवी, वर छापील नवरी. वाटा पाटीतून येतो, हे त्यांनी मला शिकवायची गरज नव्हती. ते आईला म्हणाले, "माशे साफ कर."

आई विळी घेऊन बसणार तोच मी म्हणालो, "मी करतंय." का म्हणालो कोण जाणे. निदान एक गोष्ट नीट येते, हे कोणाला तरी दाखवायचं होतं बहुतेक. सुरी घेतली आणि हात चालू झाले. खवले, डोकं, पोट, कण्याच्या वरून एक काप, खालून एक काप. आई बघत राहिली. तीस वर्षं मासे कापून विकलेली बाई, तिला हात कळतात. तेरा बांगडे संपले तेव्हा ताटात सव्वीस तुकडे होते, सगळे एका दिशेने, कातडी वर. दुकानात ठेवायचो तसे.

"ह्या खंय शिकलस?" ती म्हणाली.

मी सुरी धुतली.

खळ्यातून बाबांचा आवाज आला. "अकरा वर्षां ह्याच?"

"अकरा वर्षां."

"मोजे घालून?"

"होय."

दुपारी आईने त्याच तुकड्यांचं तिखलं, घट्टसर कालवण केलं. बाबा जेवायला बसले आणि सवयीने बोटांनी काटा शोधायला लागले. काटा नव्हता. ते पुन्हा शोधत राहिले. त्यांचा भात गार झाला तरी बोटं ताटात फिरत होती, आणि मी समोर बसून खाली मान घालून जेवत होतो.