राष्ट्राध्यक्षांचा डावा खांदा

मास्तरांनी शेकडो कोट शिवले, पण गिऱ्हाइकाचं व्यंग कधी वहीत लिहिलं नाही. कुणाची पाठ बाकदार, कुणाचा एक हात आखूड, सगळं डोक्यात. "वही चोरीला जाते," ते म्हणत, "डोकं कोण नेणार?"

"नेलं तरी दुसऱ्या दिवशी परत आणून देतील," बायको म्हणे.

माजी राष्ट्राध्यक्षांचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. मास्तरांनी कोटाच्या डाव्या खांद्यात जाड गादी घातली आणि साहेब सरळ दिसू लागले. इतके सरळ, की विरोधकांनाही त्यांच्यात इतर दोष शोधावे लागले. "मास्तर, हे कुणाला कळता कामा नये," साहेब आरशात बघत म्हणाले होते. मास्तरांनी शब्द दिला होता. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

साहेब वारले. त्यांच्या राहत्या घराचं संग्रहालय झालं. पहिल्याच आठवड्यात मास्तर बायकोला घेऊन गेले. चष्मे, पेनं, एकदाही न वापरलेली व्यायामाची सायकल असं बघत दोघं कोटापाशी आले आणि मास्तरांचा चेहरा उतरला. सरळ खांद्यांच्या, कापूस भरलेल्या कापडी पुतळ्यावर कोट डावीकडे वर चढला होता. साहेब जन्मभराच्या सगळ्या प्रश्नांना 'मला काय माहीत' म्हणून खांदा उडवतायत, असं वाटत होतं. खाली पाटी होती : 'शिवण सदोष. स्थानिक शिंप्याचे काम.'

"हाच का तो कोट?" बायकोने विचारलं. "ज्याच्यापायी आयुष्यभर माझे कान किटवलेत?"

"हळू बोल."

"नाव नाही घातलं, नशीब समजा!"

मास्तर पेचात पडले. खरं सांगावं तर मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडतो. गप्प बसावं तर आपला हात कायमचा बदनाम होतो. काचेसमोर ते एवढा वेळ उभे राहिले, की पहारेकरी दोनदा खाकरला. मग ते तडक संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंकडे गेले.

"बाई, तुमचा पुतळा वाकडा आहे."

"आजोबा, नवाकोरा आहे. कारखान्यातून मोजून आलाय."

"कारखान्यात पुतळे मोजतात. मी माणसं मोजलीत. दहा मिनिटं द्या. नाही जमलं तर पाटी आणखी मोठी करा."

बाईंना गंमत वाटली. जेवणाची सुट्टी झाली, दालन रिकामं झालं, तेव्हा त्यांनी स्वतः कोट उतरवला. मास्तरांनी खिशातून सुईदोरा काढला, पुतळ्याच्या डाव्या खांद्याची शिवण उसवली, मूठभर कापूस उपसला, तळव्याने दाबून पाहिलं आणि टाके घातले. कोट पुन्हा चढवला. तो असा बसला, की बाई नकळत स्वतःच ताठ उभ्या राहिल्या.

"म्हणजे दोष पुतळ्याचाच होता!"

"दोष कशाला? गरीब बिचारा, घाईत बनवला असेल."

बाईंनी पाटी तिथल्या तिथे काढली. "नव्या पाटीवर तुमचं नाव घालते."

"नाव नको," मास्तर घाईने म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. जिन्यात तिने हळूच विचारलं, "अहो, वाकडा खांदा पुतळ्याचा, की साहेबांचा?"

"पुतळ्याचा."

"शपथ?"

"पुतळ्याची."

ती जिन्यातच बसून इतकी हसली, की खालच्या पहारेकऱ्याला वर यावं लागलं.