समुद्रातल्या लोखंडाचे पाय

केजच्या पाशाभाईंनी अर्धं आयुष्य टेम्पोंवर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवली. स्टिकरवाले आले तसं काम आटलं. मग एका गुत्तेदारामार्फत ते मुंबईपासून दूर भर समुद्रात, तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर रंगकामाला गेले. तोवर त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक शिडी सवयीप्रमाणे घासून, पुसून रंगवली. थोड्याच दिवसांत तिच्या रंगाला फोड आले.

मुकादम सुंदरराव धारूरचे. ते म्हणाले, "पाशाभाई, मीठ डोळ्याला दिसत न्हाई. आधी गोड्या पाण्यानं धुवायचं, मग रंग."

"हितं गोडं पाणी कुठलं?"

"समुद्राचंच करतेत. खाली मशीन हाय."

जेवणाच्या सुट्टीत पाशाभाई ते मशीन बघून आले. पेलाभर पाणी पिऊनही आले.

सुट्टीवर घरी गेले तेव्हा बायकोनं, कमरजहाँनं, भाजी निवडता निवडता विचारलं, "वो लोहा पानी में खडा कैसा रैता जी?"

 ज्यावर रोज वावरत होते, त्याचे पाय पाशाभाईंनी पाहिलेच नव्हते.

परत गेल्यावर त्यांनी परमेश्वर नावाच्या पाणबुड्याला गाठलं. त्यानं पाण्याखालचं चित्रण दाखवलं. पोकळ पायांतून लोखंडी खांब समुद्राच्या तळात खोल ठोकले होते, हे त्यानं समजावलं. पण पडद्यावर लोखंड दिसतच नव्हतं. सगळीकडं शिंपले, शेवाळ आणि मधून फिरणारे मासे.

"लई झ्याक दिसतंय. मग खरवडता कावून?"

"थर जाड झाला की लाटेचा मार जास्त बसतो."

फोनवर हे ऐकून कमरजहाँचा पुढचा प्रश्न तयार: खरवडल्यावर ते मासे जातात कुठं?

पाशाभाईंनी सगळ्यात खालच्या मजल्यावरचं काम मागून घेतलं. तिथं लाट अंगावर येते, म्हणून कुणी आपणहून जात नाही. सुंदररावांनी त्यांच्या कमरेचा सुरक्षेचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. "वारा वाढला की वर यायचं. 'जरा थांबा' चालायचं न्हाई."

त्या सकाळी पाणी शांत होतं. नुकत्याच साफ केलेल्या पायाभोवती, प्लॅटफॉर्मच्या सावलीत, मासे तसेच घोटाळत होते. पाशाभाई ब्रश हातात धरून बघत राहिले.

दुपारच्या आधीच वारा उठला. वरून हाक आली. पहिली लाट गुडघ्यापर्यंत भिजवून गेली, तेव्हा कुठं ते शिडी चढले.