मोहल्ल्याच्या वहीतलं एक नाव

राज्यांची पुनर्रचना झाली त्या हिवाळ्यातला एक तपास माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गुन्हा अगदी किरकोळ होता. चोरीला गेली होती हाताने लिहिलेली एक जाड वही.

मी तेव्हा नवा सब-इन्स्पेक्टर होतो. सौंसर तहसिलीतल्या एका लहान ठाण्याचा कारभार दोन वर्षांपासून माझ्याकडे होता. माझं घर काटोलकडे. तोवर घर आणि ठाणं एकाच प्रांतात होतं. पुनर्रचनेत नागपूर-काटोल मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. माझ्याबरोबर शिकलेले बहुतेक जण तिकडे गेले, मी इकडे राहिलो. आईचं पत्र आता परराज्यातून येई. बाजारात तीच भाषा, शेतात तोच कापूस, तीच संत्री. तरी संध्याकाळी ठाण्यामागच्या खोलीत एकटा बसलो की वाटे, आपण कोणाचेच नाही. लोकांना मी पोलीस, आणि वरच्या साहेबांना मी मराठी माणूस.

सोबत एकाच माणसाची होती. आमचे हेड कॉन्स्टेबल, त्यांना सगळे दिवाणजी म्हणत. पन्नाशी उलटलेले, लोधीखेड्याच्या विणकराचा मुलगा. माग सोडून पोलिसात आलेले. दुपारी त्यांच्या घरून डबा येई आणि त्यातली अर्धी भाकरी ते न बोलता माझ्यापुढे सरकवत.

एका सकाळी विणकर मोहल्ल्यातले निवृत्त गुरुजी रिपोर्ट लिहायला आले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. सहा वर्षं खपून त्यांनी आपल्या मोहल्ल्याचा इतिहास लिहिला होता. कोणतं घराणं कुठून आलं, पहिला माग कोणी टाकला, पटकीच्या साथीत कोण गेलं, सगळं म्हाताऱ्यांना विचारून विचारून. येत्या प्रजासत्ताक दिनाला मारुतीच्या पारावर ती वही सगळ्यांसमोर वाचायची असं ठरलं होतं. आणि ती पेटीतून नाहीशी झाली होती.

दिवाणजी म्हणाले, "कागदाची चोरी, साहेब? गुरुजींनीच कुठं ठेवली असन. कायले रिपोर्ट घेता?"

गुरुजी बाकावरून हलेनात. मी रिपोर्ट घेतला. राहत्या घरातली चोरी, कलम तीनशे ऐंशी.

पंचनाम्याला गेलो. पेटीला कुलूप नव्हतं. आत चांदीची निरांजनं तशीच, धोतरजोडी तशीच. खाली चार वह्या होत्या, पण गेली होती ती नेमकी हीच. चोर माहितीतला होता आणि त्याला वस्तू नको होती, मजकूर नाहीसा करायचा होता. मी गुरुजींना विचारलं, "या वहीत कोणाला झोंबेल असं काही आहे का?"

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग त्यांनी सांगितलं.

बेचाळीसच्या आंदोलनात एक भूमिगत कार्यकर्ता या मोहल्ल्यात लपला होता. एका विणकराने त्याला चुलतभाऊ म्हणून घरात ठेवून घेतलं. एके दिवशी पोलीस आले आणि दोघांनाही घेऊन गेले. विणकर तीन दिवसांत सुटून आला. कार्यकर्ता पुढे तुरुंगात तापाने वारला. मोहल्ल्याने ओळखलं, खबर यानेच दिली. त्या दिवसापासून त्याच्या घरी कोणी पाणी प्यालं नाही, लग्नामर्तिकाचं बोलावणं गेलं नाही. चार वर्षांपूर्वी तो वारला तेव्हा तिरडीला माणसं सौंसरहून आणावी लागली. त्याची बायको अजून त्याच घरात राहते.

"आणि हे तुम्ही वहीत लिहिलं? नावासकट?"

"इतिहास लिवाचा तं खरा लिवाव लागते, साहेब," गुरुजी म्हणाले.

संशय कोणावर घ्यायचा हे उघड होतं. पण पुरावा नव्हता, आणि बाईमाणसाच्या घराची झडती नुसत्या संशयावर घेणं मला पटेना. आठ दिवस तसेच गेले. मग खबर आली ती जामसांवलीहून. तिथे मारुतीच्या देवळाबाहेर नारळ विकणारा एक जण कोर्टाच्या समन्सवर सही करायला ठाण्यात आला होता. बोलता बोलता म्हणाला, "साहेब, मागच्या शनिवारी एक बुढी आली होती. हातात मोठी वही. दर्शनाले येईल त्याले म्हणे, बाप्पा, एवढं वाचून द्या. कोणी एक पान वाचे, कोणी दोन, अन् चालले जात. दिवसभर बसली बिचारी."

ही त्या विणकराचीच बायको, हे मला कळलं. तिला वाचता येत नव्हतं. मोहल्ल्यात कोणाकडून वाचून घेण्याची सोय नव्हती. म्हणून ती अनोळखी माणसांच्या गर्दीत जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेलो. दिवाणजींना चला म्हटलं, तर त्यांनी पोट दुखत असल्याचं सांगितलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बरोबर एक शिपाई घेतला आणि त्याला दाराबाहेर उभा केला.

घरात एक बंद पडलेला माग होता. म्हातारी ताठ उभी राहिली.

"मावशी, गुरुजींची वही तुमच्याकडे आहे."

"मायाजवळ काही नाही, साहेब. घर पाहून घ्या."

मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा नाही म्हटलं. आवाज चढवला असता तर तिने तोंड मिटून घेतलं असतं. चढलेले आवाज तिने चौदा वर्षं ऐकले होते. मी मागाच्या काठावर बसलो आणि म्हणालो, "मावशी, मला मराठी वाचता येतं. हवं ते पान सापडेपर्यंत बसून वाचतो. अर्ध्यावर उठून जाणार नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यात उतरली आणि फडक्यात गुंडाळलेली वही वर घेऊन आली.

मी ते पान शोधून वाचलं. 'आमच्याच वस्तीतील एका माणसाने फितुरी केली', आणि पुढे तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव. ती रडली नाही.

"बोलणं हवेत जाते, साहेब. लिवलेलं राहते. आमी मेल्यावर बी लोक वाचतीन. म्हणून उचलली." थोड्या वेळाने म्हणाली, "पोलीस तं बकरीच्या चौकशीले आले होते. शेजाऱ्याची बकरी गेली होती. मी इथंच बसून सूत भरून राहिली होती. हे कितीदा सांगतलं. मायं कोण ऐकते?"

बकरी! हा शब्द घेऊन मी ठाण्यावर परतलो.

ठाण्यातल्या रोजच्या नोंदींच्या वह्या, म्हणजे रोजनामचे, मुदत संपली की नष्ट करायचे असतात. सुदैवाने आमच्या ठाण्यात ते काम वर्षानुवर्षं कोणी केलं नव्हतं. मालखान्यातले गठ्ठे सोडून त्या सालचा रोजनामचा काढला. नोंद मिळाली. बकरीच्या चोरीच्या चौकशीसाठी दोन शिपाई मोहल्ल्यात रवाना. परत आल्यावरची नोंद अशी, की एका घरात एक अनोळखी इसम मागावर बसलेला दिसला, पण त्याला ताण्यातून आडवं सूत नेणारा धोटा टाकता येत नव्हता. शिपायाला संशय आल्याने चौकशी केली, इसम फरारी निघाला. खबरीचा कुठे उल्लेख नाही. घरमालकाविरुद्ध साक्षीदार न मिळाल्याने त्याला सोडलं होतं. त्याने तोंडातून एक शब्द काढला नाही, असंही लिहिलं होतं.

म्हणजे फितुरी झालीच नव्हती. जो फितूर नव्हताच, त्याच्या घराला मोहल्ल्याने चौदा वर्षं शिक्षा दिली होती.

धोट्यावरून माणूस ओळखणारा शिपाई विणकराच्या घरचाच असणार. खाली नाव पाहायची मला गरज नव्हती. तरी पाहिलं. दिवाणजींचंच होतं.

मी त्यांना समोर बसवलं. अनेक गुन्हेगारांची चौकशी मी पुढे केली, पण इतकी अवघड एकही नव्हती. रोजनामचा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला नाही, नुसता हात ठेवला.

"होय जी. मीच," ते म्हणाले. "त्याच्या हातावरून ओळखलं. विणकराचा हात तसा नसते. तवा मोठ्या साहेबानं पाठ थोपटली. पाच वर्षांत स्वराज्य आलं, अन् त्याच कामाची लाज वाटू लागली. लेकरं शाळेत जाऊन राहिली होती. कोणत्या तोंडानं सांगू, का खबर कोणाचीच नाही, मीच ओळखलं?"

"आणि त्या माणसावर आळ आला तेव्हा?"

"वाटलं, चार दिवस बोलतीन, मंग थांबतीन." ते खाली पाहत होते. "नाही थांबले, साहेब."

मी म्हणालो, "रोजनामचा सरकारी दस्त आहे. मला तो पारावर वाचता येत नाही, आणि तुम्हाला बोलायचा हुकूमही करता येत नाही. त्या वेळी तुम्ही तुमचं कामच केलं होतं. पण नंतर गप्प बसलात, ते मात्र कामात बसत नव्हतं."

ते उठले, सलाम केला आणि गेले. त्या दुपारी डबा माझ्यापुढे आला नाही.

वही मी गुरुजींच्या हवाली केली होती. प्रजासत्ताक दिनाला ती वाचली गेली. गुरुजी त्या पानापर्यंत येण्याआधीच दिवाणजी उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि सगळं सांगितलं. बकरी, माग, धोटा आणि चौदा वर्षांचं मौन. गुरुजींनी पेन काढून सगळ्यांच्या देखत ती ओळ खोडली. मग चारसहा बाया म्हातारीला आणायला धावल्या. ती आली नाही. दारातूनच म्हणाली, "आता कोणासाठी येऊ? ज्याले बोलवाचं होतं तो गेला."

गुरुजींनी लिहून दिलं, की वही आपणच तिला दिली होती आणि वयोमानाने विसरलो. त्यांनी आयुष्यात लिहिलेलं ते बहुधा एकमेव खोटं वाक्य असावं. मी प्रकरण बंद केल्याचा अहवाल, म्हणजे खात्मा, पाठवला.

गुरुजी पुढे रोज संध्याकाळी तिच्या ओसरीवर बसून तिला वही वाचून दाखवत. पहिल्या पानापासून. जाता येता मीही थांबे. एकदा मोहल्ल्याची विहीर खणणाऱ्या पाच जणांची नावं आली, त्यात तिसरं तिच्या नवऱ्याचं होतं. ती म्हणाली, "गुरुजी, ते परत वाचा." त्यांनी तीनदा वाचलं.

दिवाणजींची मात्र दशा वेगळी झाली. लोक त्यांना तोंडावर काही बोलले नाहीत. रामराम घेणं तेवढं बंद केलं. एकाला वाळीतून काढून मोहल्ल्याने दुसऱ्याला त्या जागी बसवलं. उन्हाळ्यापूर्वी त्यांनी बदली मागून घेतली. मी अर्जावर शिफारस लिहिली. ते सलाम करत, हुकूम पाळत, पण भाकरी त्यांनी माझ्यापुढे पुन्हा सरकवली नाही. त्यांची बस छिंदवाड्याकडे निघाली तेव्हा पोचवायला मी एकटाच होतो. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि हात जोडले. मीही जोडले.

पुढे तीस वर्षं मी नोकरी केली. खून, दरोडे, दंगे पाहिले. कोणत्याही तपासात पहिला प्रश्न असतो, हे कोणी केलं? या प्रकरणाने मला शिकवलं, की त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हे झालं तरी आहे का? मोहल्ल्याने तो विचारला नाही आणि एका घराची चौदा वर्षं गेली. आणि ज्याला उत्तर ठाऊक होतं, त्याच्या शेजारी बसून मीही दोन वर्षं जेवलो, पण त्याच्या मनात काय आहे हे कधी विचारलं नाही. तपास अधिकाऱ्याला ही चूक शोभत नाही. जो स्वतः एकटा आहे, त्याला तर मुळीच नाही.