सासूच्या हातची गोळी

लोक म्हणतात, "कॅन्सरच्या ओपीडीत कसले आले किस्से?" अहो, ढीग साचलाय! आणि त्यातला कुठलाही आठवला की माझं डोकं तापतं. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, त्या वर्षांत मी इथल्या एका दवाखान्यात हार्मोन आणि स्तनाच्या कॅन्सरच्या रिसर्चसाठी बायांच्या मुलाखती घ्यायची. विचारायचं बाईला, उत्तर द्यायचा नवरा!

*

भनपुरीचे एक ट्रान्सपोर्टवाले. त्यांच्या बायकोला विचारलं, "ताई, पाळी कितव्या वर्षी सुरू झाली?"

ती तोंड उघडते न उघडते तोच नवरा म्हणाला, "लिहा, लग्नाच्या वेळी चालूच होती."

"भाऊ, तुमची विचारली का मी?"

त्यांनी तक्रार केली. आमच्या साहेबांनी मलाच झापलं!

*

दुसरे एक रिटायर्ड बाबू. बायकोची गाठ हार्मोनवर वाढते आहे, असं डॉक्टरांनी सांगताच ताडकन उठले. "शक्यच नाही! आमच्या घरात लसूणसुद्धा चालत नाही, हार्मोन कुठून येतील?"

बायको बिचारी खाली मान घालून बसली. जणू हिनंच लपूनछपून खाल्ले!

*

पण सगळ्यात जास्त संताप आणला शोभाच्या सासूनं. यांचं पंडरीला कापडाचं दुकान. शोभाला दोन मुली. अंगावर पाजल्यानं धोका थोडा कमी होतो, एवढंच मी बोलले, तर सासूबाई उसळल्या, "पाह्य, मी म्हणत होती न! पोरींले धड पाजलं नाही, म्हणून झालं!"

"अहो, पाजलेल्या बायांनाही होतो!"

"मॅडम, रिसर्च तुमचंच आहे न?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या!

*

शोभाची गाठ काढली. तीही हार्मोनवर पोसणारी. एका परीनं बरंच, कारण रोजच्या एका गोळीनं अशा गाठीला उपाशी ठेवता येतं. पण गोळी पाच वर्षं, आणि तोवर मूल नको.

"मंग पोट्टा कधी होईल?" सासूनं गोळीच बंद केली! कुठल्याशा वैद्याकडून पोरगा होण्याची गोळी आणली आणि रोज स्वतःच्या हातानं सुनेला देऊ लागली. बाईचा जीव गेला तरी चालेल, पोट्टा पाहिजे!

गोल बाजारात जाते सांगून शोभा एकटीच माझ्याकडे आली. "मॅडम, तुमच्या गोळ्या पाकिटातून काढून डबीत ठेवल्या तर चालते का?"

"चालते. काहून?"

"सासूबाईंच्या डबीतल्याही अशाच पांढऱ्या आहेत."

*

पुढच्या तपासणीला रिपोर्ट साफ आला. सासूबाईंनी डॉक्टरांच्या टेबलावर डबी आपटली. "पाहा! तुमची गोळी बंद, तरी सून ठणठणीत! ही माझी गोळी. एक दिवस चुकू दिली नाही!"

डॉक्टरांनी डबी उघडली. एक गोळी तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली. मग शोभाकडे पाहिलं. ती पदर सारखा करत होती.

डॉक्टरांनी झाकण लावून डबी सासूबाईंना दोन्ही हातांनी परत दिली. "माताजी, एकदम बरोबर गोळी आहे. पाच वर्षं खंड नको. आणि तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, नाहीतर असर जातो."

"हव!" सासूबाई कडाडल्या. "मी बसली आहे न! कशी नाही खात, पाहतेच!"