उसनी चाल

"थांबा. आधी चाल ओळखा."

गाडी माबेल्याच्या सिग्नलला पोचायच्या आत त्यांचं बोट वर झालेलं असायचं. मांडीवर डबा, डब्यावर फोन, आणि फोनमधून कुणीतरी अमेरिकन माणूस खड्या आवाजात गाण्यातून मालकाला जाब विचारतोय.

मस्कतमध्ये माबेल्याहून रुवीला भरून जाणाऱ्या अशा गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. आमच्यात पुढे ते, मागे डिमेलो, चालवायला मी. वाळवंटात मोठमोठ्या पाइपलाइन टाकणारे हे इंजिनिअर ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पिंपांच्या मधून गाडी रिव्हर्स घेताना दरवेळी एक पिंप पाडायचे. म्हणून माझ्या गाडीत. "गाडी तुमची, गाणं माझं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. माझी हरकत नव्हती. रेडिओवरच्या जाहिरातींपेक्षा बरं.

जुन्या अमेरिकन गाण्यांचा हा नाद त्यांना साइटवरच्या एका म्हाताऱ्या अमेरिकन फोरमनने लावला. कापसाच्या मळ्यातले गुलाम, खाणकामगारांचे संप, कंपनीच्याच दुकानात परत जाणारा पगार, सूतगिरणीतल्या बायका, व्हिएतनामला जायला नकार देणारी पोरं, सगळी अमेरिका त्यांनी आम्हाला या रस्त्यावर शिकवली. सनावळ्या कधी नाहीत. "कोण गातंय ते सोडा, मॅडम. कुणाला ऐकवायला गातंय ते बघा." निवडणुकीचं जुनं गाणं लागलं की स्वारी खूश. "गुत्त्यातली चाल, खाली उमेदवाराचं नाव! आपल्याकडचा प्रचार काय वेगळा आहे?" आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "चाल उसनी चालते. शब्द उसने चालत नाहीत."

डिमेलो वसईचा. हॉटेलात नोकरी, शुक्रवारी चर्चमध्ये गाणं. एकदा संपाचं गाणं लागलं आणि तो मागून उसळला, "अहो साहेब, ही तर आमच्या चर्चमधली चाल! चोरली की!"

"चोरली म्हणायचं नाही."

आवाज असा होता की डिमेलोने निमूट सीटबेल्ट लावला.

घुब्र्यापाशी त्यांनीच फोन बंद केला आणि ते सांगायला लागले. वडील, म्हणजे अण्णा, परभणीकडे साखर कारखान्यात हमाल आणि जलशाचे शाहीर. त्या त्या वर्षी सिनेमातलं जे गाणं गाजेल त्याची चाल घ्यायची आणि त्यावर आपले शब्द बसवायचे. पोरांना शाळेत घाला, मेलेलं ढोर ओढू नका, कुणापुढे वाकू नका. एप्रिलमधल्या जयंतीला गावोगाव मागणी. शाळेत मात्र पोरं चिडवायची, चालचोराचा पोरगा म्हणून.

"मलाही तेच खरं वाटायचं, मॅडम. आवाज होता मला, पण जलशात उभा राहिलो नाही. अण्णा गेले. मग ही गाणी ऐकली आणि कळलं, यांनीही तेच केलंय. चर्चमधली चाल घेतली, प्रार्थनेतला 'मी' काढला आणि 'आम्ही' घातला."

"अण्णांची गाणी कुठे आहेत?" मी विचारलं.

त्यांनी कपाळाला बोट लावलं. "टेप नाही, कागद नाही. साथीदारही सगळे गेले."

"म्हणजे उद्या तुम्ही गेलात की खलास."

"मॅडम..." डिमेलो मागून कुजबुजला. पण यात खोटं काय होतं?

दुसऱ्या दिवशी ते मागे बसले. गाणं नाही. आठवडाभर आम्ही जाहिराती ऐकल्या. मग एका सकाळी पुढचं दार उघडून बसले आणि म्हणाले, "एसी बंद करा. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते."

मस्कतचा जून. काचा वर, एसी बंद, सहवाच्या क्लॉक टॉवरपाशी गाड्या तुंबलेल्या. त्यांनी कानावर हात ठेवला आणि आवाज लावला. इतकी वर्षं हा आवाज या माणसाने कुठे ठेवला होता कोण जाणे. घाम भुवईवरून डब्यावर टपकत होता. धृपद आलं की डिमेलो झील धरायचा, चर्चच्या सवयीने जरा वरच्या पट्टीत. शेवटचं कडवं मात्र त्यांना काही केल्या आठवेना.

"मग तुम्हीच करा," मी म्हटलं.

"अण्णांच्या गाण्यात माझे शब्द?"

"शब्द उसने चालत नाहीत ना?"

ते हसले. दुसऱ्या दिवशी कडवं करून आणलं. त्यात अण्णा होते, खाणकामगार होते आणि क्लॉक टॉवरही. ते गाताना एक पिकअप आडवा घुसला आणि मी सणसणीत हॉर्न दिला.

"पुन्हा घेऊ या," मी म्हटलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "गाडी तुमची."

अशी एकेक करून आठवत होती ती सगळी गाणी फोनमध्ये उतरली. आम्ही कामावर घामाने भिजलेल्या कपड्यांनी पोचायचो. पुढे प्रोजेक्ट संपला आणि ते कायमचे परभणीला गेले. ड्रायव्हिंग लायसन्स शेवटपर्यंत मिळालं नाही. आता पुढे डिमेलो बसतो.

या एप्रिलमध्ये त्यांच्याकडून क्लिप आली. डिमेलोने गाडीतच लावली. जयंतीचं स्टेज, गावातली पोरंपोरी, ढोलकी आणि आमचंच गाणं. ते स्वतः कुठे दिसले नाहीत. फोन त्यांच्याच हातात असावा, कारण सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक बोट वर आलं. शेवटच्या कडव्यात पोरं मध्येच एकदम थांबली, ढोलकीवाल्याने सणसणीत थाप मारली आणि गाणं पुढे गेलं.

"मॅडम," डिमेलो ओरडला, "तुमचा हॉर्न!"

मी एसी बंद केला. "परत लाव."

क्लॉक टॉवर आला होता. थापेच्या जागी मी हॉर्न दिला. पुढच्या गाडीतल्या ओमानी माणसाने काच खाली करून हातानेच विचारलं, काय झालं?

मी बोट वर करून त्याला थांबायला सांगितलं. अजून एक धृपद बाकी होतं.