पुलाच्या उंचीची खिडकी

संध्याकाळी अंधेरीहून निघालेली रिक्षा हायवेला लागली की माझे डोळे जड होतात. हिरव्या पाट्या तरंगत येतात नि मागे जातात. पुलांना थोरामोठ्यांची नावं दिलीयत, पण ती कुणाच्या तोंडी नसतात. तोंडी असतं ते सगळं गेलेलं. थेटर पडलं तरी थेटरचा स्टॉप, जकात उठली तरी जकात नाका, कारखान्याच्या जागी टॉवर आले तरी सिग्नल कारखान्याचाच. नसलेल्या गोष्टींना धरून आम्ही रोज घरी पोचतो.

जोगेश्वरीच्या पुलाआधी रिक्षावाला मान अर्धी वळवतो. "ऊपर से या नीचे से?"

"ऊपर से," मी म्हणायचे.

खाली ताईचं घर. अंथरुणाला खिळलेली आई तिच्याकडेच असते. तिसरा मजला, खिडकी अगदी पुलाच्या उंचीला. वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या, त्यांच्यामागे पिवळा दिवा, आणि मग सगळं पाण्याखालून गेल्यासारखं सरकत दूर व्हायचं. बोरिवलीला पोचले की मी फोन करायचे. "ताई, हायवेला काय ट्रॅफिक गं! आज नाहीच जमलं."

"बरं," एवढंच ती म्हणायची.

आता लिहूनच टाकते. आई मला ओळखणार नाही, ही भीती नव्हती. ओळखेल, आणि राहा म्हणेल, ही होती.

परवा ताई फोनवर हसत होती. "आईचं नवीन ऐक. पलंग खिडकीशी घेतलाय. पुलावर रिक्षा दिसली की हात करते. म्हणते, माजां चेडू गेलां बघ. चेडू म्हणजे तू, तिची पोर."

"कुठलीही रिक्षा?"

"कुठलीही. दमते, पण ऐकत नाही."

त्या संध्याकाळी रिक्षा खालून घ्यायला सांगितली. पुलाच्या पोटाखाली दिवसाउजेडीही सावलीच असते. खांबांमधून आवाज लांबून आल्यासारखे येत होते. तीन मजले चढले. ताईने दार उघडलं, खांद्यावर धुतलेली चादर.

"ताई, ट्रॅफिक नसायचा गं. मी वरून निघून जायचे."

"माहितेय. अख्खा हायवे दिसतो इथून. मला काय आंधळी समजलीस?" तिने चादरीचं एक टोक माझ्याकडे फेकलं. "चप्पल काढ बाहेर, आणि हे धर."

आईला एका कुशीवर करून आम्ही चादर घातली. आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"इलंस? रवतलंस मा?"

"आजची रात राहते," मी म्हटलं. उद्याचं काही बोलले नाही.

कोपरावर भार देत ती खिडकीकडे इंच इंच सरकू लागली. माझ्यासाठी जागा करत होती.